पाहुणी सापडेना

२ फेब्रुवारी

आजपासून दैनंदिनी. दिग्दर्शन शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, प्रत्येक दिग्दर्शकाने चित्रपट करताना रोज चार ओळी लिहाव्यात, पुढे उपयोगी पडतात. पुढे म्हणजे कधी ते त्यांनी सांगितलं नाही. मी मात्र घरी येईपर्यंत मनातल्या मनात तीन मुलाखती देऊन टाकल्या. "हो, पहिल्या लघुपटाच्या वेळची वही अजून आहे माझ्याकडे," वगैरे. लघुपटाचा अजून पत्ता नाही, पण मुलाखती तयार आहेत.

काम असं आहे. शेवटच्या वर्षाला प्रत्येकाने एका अभिजात कथेवरून पंधरा मिनिटांचा लघुपट करायचा. मी निवडलेली कथा शाळेत सगळ्यांनी वाचलेली असते आणि सगळे विसरलेले असतात. पायाने अधू असलेली एक म्हातारी बहीण कितीतरी वर्षांनी भावाच्या घरी येते. भाऊ दार उघडून विचारतो, "तू? कशी काय?" ती म्हणते, "सहज आले. इकडून चालले होते." घरातले सगळे धरून चालतात की ही आपला वाटा मागायला आली आहे. कपाटांना कुलपं लागतात, बोलणी दबक्या आवाजात होतात. ती काहीच मागत नाही आणि तिसऱ्या दिवशी सकाळी निघून जाते. काय हवं होतं हे तिला कुणी विचारत नाही.

मॅडमना मी सांगितलं की या कथेतल्या मौनाने मला झपाटलं आहे. खरं कारण असं की कथेत एकच घर आहे, माणसं कमी आहेत आणि घोडे नाहीत. गेल्या वर्षी एकाने घोड्यांची कथा घेतली होती. तो अजून शेवटच्याच वर्षाला आहे.

५ फेब्रुवारी

भावाची भूमिका ठरली. ट्रायपॉडचे काका करणार. ट्रायपॉड म्हणजे माझा कॅमेरामन आणि वर्गमित्र. उंच, बारीक आणि एकदा उभा केला की हलत नाही. काकांना दोनच वाक्यं आहेत आणि चेहरा जन्मतः संशयी आहे, त्यामुळे तिकडे काळजी नाही. सगळा लघुपट उभा आहे तो पाहुणीवर. ती मिळाली तर लघुपट तरला, नाही तर मी बुडाले.

चाचण्या घ्यायला कॉलेजमधली खोली मिळेना. घरी येऊन कुरकुर केली तर आत्या लगेच म्हणाली, "इथे घ्या की, पुढच्या खोलीत. खुर्च्या मी हलवते." मी चाट पडले. मी शिकायला म्हणून आत्याकडे राहते, त्यामुळे तिला चांगली ओळखते. बाबांची थोरली बहीण, बासष्टची, विमा कार्यालयातून निवृत्त झालेली. कुणी न सांगता दारात आलं की हिच्या कपाळावर आठ्या. स्वतः कुणाकडे चिमूटभर मीठसुद्धा मागणार नाही; ऐन वेळी मागायला लागू नये म्हणून घरात मिठाचे दोन डबे भरलेले असतात. अशी बाई माझ्यासाठी परक्या बायकांना घरात घ्यायला तयार झाली. मला अगदी भरून आलं. भाचीवर एवढी माया असते हे माहीत नव्हतं.

"किती वयाची हवी आहे तुला?" तिने विचारलं.

"साठीच्या आसपास."

"हं," आत्या म्हणाली आणि खुर्च्या हलवायला लागली.

८ फेब्रुवारी

चाचण्यांचा पहिला दिवस. पद्धत मी पुस्तकाप्रमाणे ठेवली. उमेदवार बाहेरून बेल वाजवणार, आत येऊन नंबराची पाटी हातात धरणार, नाव आणि वय सांगणार, डावीकडून चेहरा, उजवीकडून चेहरा, मग दारातला प्रसंग. भावाची वाक्यं मी वाचणार. माझ्यापुढे गुणांचा तक्ता: आवाज, चाल, डोळे, मौन. मौनाला दहापैकी गुण कसे द्यायचे हे पुस्तकात नव्हतं, पण रकाना छान दिसत होता.

पहिल्या बाईंनी "सहज आले" हे रडत म्हटलं. दुसऱ्यांनी हसत म्हटलं. तिसऱ्या निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी ते म्हटलंच नाही, आधी माझ्या संहितेतल्या चुका दाखवल्या. चौथ्या बाई खोली भाड्याने आहे असं समजून आल्या होत्या. पण इतक्या सहज आल्या की मला वाटलं हीच! त्यांना सातपैकी सात देऊन बसले, आणि मग कळलं की तक्ता दहापैकी आहे आणि बाईंना अभिनय करायचा नाही.

प्रत्येकीला मी शेवटी तेच वाक्य म्हटलं: "छान. कळवते हं." हे वाक्य मला फार चांगलं जमतं. त्यात ऊब आहे आणि त्याचा अर्थ काही नाही.

आत्या दर थोड्या वेळाने स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी. मी सांगितलं, चित्रीकरण चालू असताना मध्ये येऊ नकोस. ती म्हणाली, "मध्ये कुठे, कडेला आहे." सगळे गेल्यावर म्हणाली, "त्या दुसरीला हसू कशाचं येत होतं गं? एवढ्या वर्षांनी भावाचं दार वाजवताना पोटात गोळा येतो माणसाच्या."

मी म्हटलं, "आत्या, तू चहाचं बघ." आता लिहिताना वाटतं, जरा तोडूनच बोलले. पण दिग्दर्शकाला ठाम असावं लागतं.

९ फेब्रुवारी

आत्या लंगडते आहे. उजवा पाय. विचारलं तर म्हणाली, काही नाही, वय झालं. काल खुर्च्या हलवल्या त्याने असणार. मला फार अपराधी वाटलं. दिवसभर तिला बसवून ठेवलं. तर ती दर पाच मिनिटांनी उठून खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लंगडून येत होती. काही माणसांना विश्रांती घेणं कळतच नाही.

११ फेब्रुवारी

जेवताना आत्याला कथेबद्दल सांगत होते. म्हणजे माझी मतं सांगत होते. कथा तिला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे असं दिसलं. मी सहज म्हटलं की मूळ कथेत तिचा डावा पाय अधू आहे, आणि मला तो तपशील पाळायचा आहे. आत्याचा घास हातातच राहिला. "डावा? नक्की?" म्हणाली. मी पान काढून दाखवलं.

संध्याकाळी पाहते तर दुखणं डाव्या पायात उतरलेलं. मला आता खरंच काळजी वाटते आहे. असं इकडून तिकडे सरकणारं दुखणं चांगलं नसतं म्हणे. बाबांना फोन केला. ते म्हणाले, "तिला काय होतंय? लहानपणी ती शाळा बुडवायला पोटदुखी काढायची, ती डॉक्टरलाही खरी वाटायची." भावंडांना एकमेकांची कदर नसते हेच खरं.

१३ फेब्रुवारी

आत्याला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. यायला तयार नव्हती. मी म्हटलं, मग मी चाचण्या बंद करते आणि तुझी शुश्रूषा करते. तेव्हा लगेच तयार झाली.

डॉक्टरांनी तिला खोलीत चालायला लावलं. आत्या अशी काही चालली की कडेला बसलेली एक पेशंट बाई उठून तिला खुर्ची द्यायला लागली. डॉक्टरांनी गुडघा दाबला, वाकवला, फोटो काढायला लावला. फोटो दिव्यासमोर धरून बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "आजी, हा गुडघा माझ्यापेक्षा चांगला आहे. पण चाल बघितली तर काहीतरी नक्की आहे. मलाच कळत नाहीये."

एवढं ऐकून कुणीही घाबरलं असतं. आत्या परत येताना गुणगुणत होती. "डॉक्टरांना कळलं नाही," दोनदा म्हणाली. पुन्हा, "मोठा डॉक्टर आहे हं तो. साधासुधा नाही."

तिला व्यायाम दिले आहेत. आजार स्वीकारण्याची तिची ही वृत्ती मला लघुपटातल्या पाहुणीत आणता आली तर काय बहार येईल.

१४ फेब्रुवारी

ट्रायपॉड म्हणतो, त्याने आत्याला बसमागे धावताना पाहिलं. मी त्याला समजावलं की काही दुखणी अशी येऊन-जाऊन असतात. तो माझ्याकडे बघत राहिला. त्याचं तसंच आहे.

१६ फेब्रुवारी

आणखी चाचण्या. एका बाईंना फक्त उजव्या डोळ्यातून पाणी काढता येतं. त्यांनी आग्रह धरला की कॅमेरा त्या बाजूला लावा. एक बाई कुत्रा घेऊन आल्या आणि म्हणाल्या की पाहुणीबरोबर कुत्रा असेल तर प्रेक्षक जास्त जोडला जाईल. एकींनी प्रसंग बरा केला, पण त्यांचे डोळे मला आवडले नाहीत. का, ते सांगता येणार नाही. सगळ्यांना वाटाण्याच्या अक्षता लावल्या.

दुपारी पेन सापडेना. मी कपाट, दप्तर, उशीखाली सगळीकडे शोधत होते आणि ते माझ्याच केसांत खोचलेलं होतं. आत्या बघून म्हणाली, "काखेत कळसा आणि गावाला वळसा." मी म्हटलं, "एवढं काय, पेनच आहे." ती म्हणाली, "मी पेनाबद्दलच बोलतेय," आणि आत जाऊन भांडी इतक्या जोरात घासली की शेवटच्या चाचणीच्या आवाजात तो ठणठणाट आला आहे.

आत्याने केस रंगवणं सोडलं आहे बहुतेक. भांगात पांढरी रेघ दिसते. दुखण्याने माणूस स्वतःकडे किती दुर्लक्ष करतं!

रात्री, म्हणजे जेवताना, मी म्हटलं की मला पाहुणीच कळत नाहीये, ती येतेच कशाला? आत्या ताटाकडे बघत म्हणाली, "ती मागायला आलेली नसते काही. कुणीतरी विचारावं, म्हणून आलेली असते." वाक्य चांगलं वाटलं. टिपून घेतलं.

१७ फेब्रुवारी

ते वाक्य मी मॅडमना दिलेल्या टिपणात घातलं. माझं म्हणून. मॅडमनी त्याखाली दोन रेघा मारल्या आणि म्हणाल्या, "हे तुला कळलंय म्हणजे अर्धं काम झालं." मी नम्रपणे मान खाली घातली. तेवढी मला येते.

मग म्हणाल्या, "पाहुणी कोण?" मी म्हटलं, शोध चालू आहे, मनासारखं कुणी मिळत नाही. "किती जणी बघितल्या?" मी आकडा सांगितला. मॅडमनी चष्मा काढला. "आणि त्यांच्यातल्या एकीबरोबरही काम करावंसं वाटलं नाही?" मी म्हटलं, तयार कुणीच नाही, मॅडम. त्या म्हणाल्या, "भाजी घ्यायला निघालीस की काय?" मला हसावं की नाही कळेना.

शेवटचं सांगितलं ते असं: महिनाअखेरपर्यंत पाहुणीचं नाव दिलं नाही तर माझी कॅमेऱ्याची पाळी दुसऱ्याला जाणार. पाळी गेली की लघुपट गेला आणि लघुपट गेला की वर्ष गेलं. तो घोडेवाला भेटला होता. म्हणाला, "ये की. सोबत होईल."

२० फेब्रुवारी

पाहुणी मिळाली! हौशी रंगभूमीवर या बाईंचं मोठं नाव आहे. प्रत्येक वाक्यानंतर त्या क्षणभर थांबतात, टाळीसाठी जागा सोडतात. ट्रायपॉडने त्यांना आल्या आल्या टाळीबाई म्हणायला सुरुवात केली. त्यांच्या पाठीमागे, हे त्याचं नशीब. पाहुणीच्या कल्पनेशी त्यांचा काही संबंध नाही, पण मी थकले आहे आणि महिना संपत आला आहे. त्यांनीच मला सांगितलं, "बाळ, मी करते," आणि मी हो म्हटलं. कुणी कुणाची निवड केली ते माझं मलाच कळलं नाही.

घरी ओरडतच शिरले, "आत्या, पाहुणी ठरली!" ती खिडकीशी उभी होती. न वळताच म्हणाली, "बरं झालं. सुटलीस." चहा मात्र अगदीच फिका केला होता.

२१ फेब्रुवारी

आत्याचा गुडघा बरा झाला. एका दिवसात! डॉक्टरांच्या व्यायामाचा गुण. केसही रंगवून आली आहे, काळेभोर. मी म्हटलं, "किती छान वाटतंय तुला बरी बघून." ती म्हणाली, "हो ना," आणि दार लावून झोपली. भर दुपारी. तिला दुपारी झोपायची सवय नाही.

२४ फेब्रुवारी

टाळीबाई गेल्या.

आज घरी तालीम होती. त्यांचं म्हणणं, पाहुणीने शेवटी भावाच्या कुटुंबाला एक भाषण द्यावं. त्यांनी ते लिहूनही आणलं होतं, घड्याळ लावून चार मिनिटांचं. मी म्हणाले, पण ती तर काहीच बोलत नाही, हीच तर कथा आहे. त्या म्हणाल्या, "बाळ, मौन वाचायला ठीक असतं." इथे खऱ्या दिग्दर्शकाने काहीतरी बोलायला हवं होतं. मी तक्त्याकडे बघत म्हणाले, "विचार करून कळवते हं."

टाळीबाई मुरलेल्या आहेत. हे वाक्य त्यांनी आयुष्यात शंभरदा ऐकलेलं असणार. त्यांनी शाल उचलली आणि म्हणाल्या, "तू काय कळवणार? मीच कळवते," आणि निघाल्या. दारात क्षणभर थांबल्या. टाळी वाजली नाही.

मी रडले. खरंच रडले, दोन्ही डोळ्यांनी. आत्याने पाठीवरून हात फिरवला. मी म्हटलं, "आत्या, मला कुणी मिळणारच नाहीये." तिचा हात थांबला, आणि मग ती दूध बघायला आत गेली.

२५ फेब्रुवारी

माझ्यासारखी आंधळी या जगात दुसरी नसेल आणि असलीच तर ती दिग्दर्शन शिकत नसेल.

आज ट्रायपॉडकडे बसून सगळ्या चाचण्या पुन्हा बघितल्या, निदान कुणाला तरी परत बोलवावं म्हणून. चाचणी चालू असताना मी मान खाली घालून गुण लिहीत असे, त्यामुळे चौकट अशी मी पहिल्यांदाच नीट बघत होते. पहिल्या बाई रडत "सहज आले" म्हणत होत्या. त्यांच्या खांद्यामागे स्वयंपाकघराचं दार, दारात आत्या, हातात ट्रे. आणि आत्याचे ओठ हलत होते.

मी म्हटलं, मागे घे. दुसरी बाई, तेच. उजव्या डोळ्यातून रडणाऱ्या बाई, तेच. कुत्रेवाल्या बाईंच्या वेळी तर आत्याने ट्रे खाली ठेवला होता आणि दाराच्या चौकटीला धरून डावा पाय उचलून उभी होती. माझी वाक्यं संपण्याची वाट बघायची, मग म्हणायची, बिनआवाजी. शब्द न् शब्द.

"तुला कधी दिसलं हे?" मी विचारलं.

"पहिल्या दिवशी," ट्रायपॉड म्हणाला. "तुलाही दिसलंच असेल म्हटलं. मला वाटलं तू त्यांना मुद्दाम शेवटी घेणार आहेस. दिग्दर्शकाचं असतं ना काहीतरी."

गुडघा. केस. दोनदा "डॉक्टरांना कळलं नाही". ही कथा मी इतक्या वेळा वाचली आहे की पुस्तक आपोआप त्याच पानावर उघडतं.

घरी येऊन सरळ विचारलं. आत्या कपड्यांच्या घड्या करत होती. म्हणाली, "कुणी सांगितलं तुला?"

"तूच. कॅमेऱ्यात." मग मी म्हटलं, "अगं, मला एकदा बोलली असतीस तर?"

"तू विचारलं नाहीस." एक घडी पूर्ण करून तिने बाजूला ठेवली. "आणि मागून घेतलेलं काम काय कामाचं? उद्या लोक म्हणायचे, घर हिचं म्हणून भूमिका हिची."

मी म्हटलं, मग आता मी विचारते. करशील?

तिने पुढचा कपडा हातात घेतला. "चाचणी घे," म्हणाली. "सगळ्यांची घेतलीस तशी. पाटीबिटी सगळं. त्याशिवाय मी करणार नाही."

२६ फेब्रुवारी

आत्या सकाळी साडेदहाला पुढच्या दाराने बाहेर गेली आणि बेल वाजवून आत आली. केसांना पावडर लावली होती. पाटी छातीशी घट्ट धरली, नाव सांगितलं. वय अठ्ठावन्न सांगितलं. मी काही बोलले नाही. डावीकडून चेहरा दाखवला, उजवीकडून दाखवला. ट्रायपॉडने मान डोलावली. मला इतका आनंद झाला होता की मनात चौथी मुलाखत सुरू झाली होती: "माझी पाहुणी माझ्याच घरात होती."

आणि मग आत्याने अभिनय केला.

कसं लिहू? आज मी तक्ता घेतला नव्हता, त्यामुळे डोळे लपवायला जागा नव्हती. आत्या दारातून आली ती वादळात सापडलेल्या होडीसारखी. डॉक्टरांना फसवणारी ती चाल कुठे गेली कुणास ठाऊक. एक हात कपाळावर, एक हृदयावर. मी म्हटलं, "तू? कशी काय?" आणि आत्या स्टेशनवर गाडीची घोषणा करावी तशी म्हणाली, "सहज आले!" मग रडली. मग मूळ कथेत नसलेला एक हुंदका दिला. ट्रायपॉड भिंग पुसायला लागला. त्यावर काही नव्हतं.

संपलं. आत्या उभी होती, गाल लाल, श्वास लागलेला. लग्नात नाचून आलेल्या मुलीसारखी दिसत होती. माझ्याकडे बघत होती.

माझ्या तोंडातून निघालं, "छान. कळवते हं."

तिच्या चेहऱ्यावरचा लाल रंग हळूहळू उतरला. "बरं," ती म्हणाली. "वाट बघते." पाटी टेबलावर नीट ठेवली आणि पुढच्या दाराने बाहेर गेली, सगळ्या जातात तशी. थोड्या वेळाने पुन्हा बेल वाजली. किल्ली आतच राहिली होती.

मला माझी लाज वाटते आहे. टाळीबाईंचं ठीक होतं. हिला तरी मी काही वेगळं म्हणायला हवं होतं.

२७ फेब्रुवारी

उद्या नाव द्यायचं आहे. सकाळपासून आत्याने एका शब्दाने विचारलं नाही. नाश्ता दिला, पेपर वाचला, कोडं सोडवलं. मी तीन बेत केले. एक: खोटं बोलून तिला घ्यायचं आणि लघुपट पडला की नशिबाला बोल लावायचा. दोन: खोटं बोलून तिला नाही म्हणायचं, कॉलेजात नातेवाईक चालत नाहीत म्हणून. तीन: घोडेवाल्याला सोबत करायची. तिन्ही बेतांत मला कुणाच्या डोळ्यांत बघून काही सांगावं लागत नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं आणि मला स्वतःचाच वीट आला.

स्वयंपाकघरात गेले. ती कांदा चिरत होती.

"आत्या, काल ते चांगलं झालं नाही."

सुरी थांबली नाही. "किती वाईट?"

"खूप."

सुरी थांबली. मला वाटलं आता ती रडेल, आणि कांद्यामुळे मला ते कळणारही नाही. ती म्हणाली, "माहीत आहे मला. कान आहेत की मला. दारात उभी राहून मनात म्हणायचे तेव्हा किती छान यायचं. तुम्ही दोघं बघायला लागलात आणि काय झालं कुणास ठाऊक, हात आपोआप वर गेले."

"मी दुसरं कुणीतरी शोधते. तू मनाला लावून घेऊ नकोस."

"शोध!" आत्या वळली. असा आवाज मी तिचा पूर्वी ऐकला नव्हता. "एवढ्या बायका आल्या. कुणी रडली, कुणी हसली. एकीला तरी म्हणालीस का, की बाई गं, अशी नको, अशी करून बघ? सगळ्यांना आपलं कळवते, कळवते. मी दारातून बघत होते ना. प्रत्येक वेळी वाटायचं, आता सांगेल ही काहीतरी, आता सांगेल. मान वर करायची नाहीस तू. मला काम येत नाही, कबूल. मी आयुष्यभर विम्याचे कागद तपासले. पण तुला सांगायला येतं का? ते शिकायलाच माझ्याकडे राहिली आहेस ना?"

सगळं खरं होतं, आणि ते खरं असल्यामुळे मला फार राग आला, आणि राग आला म्हणून असेल, मी मोठ्याने म्हणाले, "मग लंगडू नकोस!"

"काय?"

"लंगडू नकोस. ती लंगडणं लपवते. दारात भावाची नजर आधी पायावर जाईल. त्याला वाटेल, ही आता कायमची आपल्या गळ्यात पडणार. म्हणून ती सरळ चालायचा प्रयत्न करते. जमत नाही, पण प्रयत्न करते. आणि 'सहज आले' हे आल्या आल्या म्हणायचं नाही. आधी दम लपवायचा."

हे मला कुठून सुचलं देव जाणे. सतरा बायकांसमोर बसून एकदाही सुचलं नव्हतं.

आत्या सुरी हातात घेऊनच माझ्याकडे बघत राहिली. "हो," ती हळूच म्हणाली. "लपवेलच ती. मीही लपवलं असतं." हात धुतले, पुसले आणि पुढच्या दाराने बाहेर गेली. या वेळी किल्ली घेऊन.

बेल. मी दार उघडलं. ती सरळ उभी होती, जरा जास्तच सरळ. एक पाऊल आत टाकलं आणि डाव्या पायाखाली काही झालंच नाही असं दाखवायला उंबऱ्याकडे बघून हसली. मी म्हटलं, "तू? कशी काय?" तिने श्वास गिळला. "सहज आले," म्हणाली. आणि लगेच एक हात कपाळावर गेला.

"हात," मी म्हटलं.

"गेला का वर?"

"गेला. पुन्हा."

पुन्हा केलं. हात गेला नाही, पण हुंदका आला. हुंदका काढला तर आवाज चढला. आवाज उतरवला तर ती वाक्यच विसरली. कांदा तसाच राहिला. मी दार उघडून उघडून दमले, ती बाहेर जाऊन जाऊन. शेजारचे गृहस्थ जिन्यातून जाताना विचारून गेले की घरात सगळं ठीक आहे ना. आत्या त्यांना म्हणाली, "सहज आले." ते इतकं छान म्हणाली की मी ओरडले, "हेच! हेच!" आणि गृहस्थ घाईने खाली उतरले. पुढच्या वेळी अर्थातच ते तसं आलं नाही.

संध्याकाळी मी मॅडमना फोन केला. उद्यापर्यंत थांबले असते तर पुन्हा कळवते म्हणायला मी मोकळी झाले असते.

"नाव ठरलं," मी म्हणाले. "माझी आत्या."

"घरातलीच? सोपं म्हणून घेतेस का?"

"नाही मॅडम. सोपं अजिबात नाहीये."

"काम चांगलं करते?"

खोटं अगदी जिभेवर आलं होतं.

"अजून नाही," मी म्हणाले.

मॅडम हसल्या. हसल्या असं मला वाटतं. फोनवर नीट कळलं नाही. "सोमवारी येऊन कॅमेरा घेऊन जा," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मागे वळले तर आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी. सगळं ऐकलेलं.

"अजून नाही म्हणजे काय गं?" ती म्हणाली. "चल, ऊठ. दार उघड."